ज्याचे जळते त्याला कळते : मन, मेंदू आणि भौतिकवाद

साहित्याविषयीच्या बोलण्यात अलीकडे एक नवी परिभाषा रुळू लागली आहे. कविता वाचून आनंद झाला असे न म्हणता ‘डोपामिन स्रवले’ असे म्हटले जाते. करुणेचा विषय निघाला की ‘मिरर न्यूरॉन’ पुढे येतात आणि विरहाचे स्पष्टीकरण संप्रेरकांच्या चढउतारात शोधले जाते. ही भाषा बोलणारे विद्यार्थी उथळ नसतात. बहुतेकदा ते वर्गातले अधिक वाचणारे, अधिक चिकित्सक विद्यार्थी असतात. प्रश्न आपल्या, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्यांच्या, प्रतिसादाचा आहे. आपण एकतर विज्ञानाच्या अधिकाराने दबून गप्प बसतो, नाहीतर घाईघाईने आत्म्याचा आणि अध्यात्माचा आश्रय घेतो. हे दोन्ही प्रतिसाद मला अपुरे वाटतात. मन म्हणजे मेंदूच आणि मेंदूविषयी सर्व काही सांगितले की मनाविषयी सांगण्यासारखे काही उरत नाही, या मतावर गेल्या काही दशकांत तत्त्वज्ञांनी जे आक्षेप घेतले आहेत, ते साहित्याच्या अभ्यासकाने नीट समजून घेतले पाहिजेत. ते समजून घेतले तर गप्प बसण्याचे कारण उरत नाही आणि आत्म्याकडे धाव घेण्याचेही कारण उरत नाही.

प्रथम भौतिकवादाची बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडली पाहिजे. ही बाजू आपल्याला परकी नाही. सुरा बनवण्याच्या द्रव्यांपैकी एकातही मादकता नसते, पण ती एकत्र येऊन आंबली की मदशक्ती उत्पन्न होते. त्याचप्रमाणे चार भूतांच्या विशिष्ट संयोगातून चैतन्य उत्पन्न होते, हा चार्वाकांचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. मराठीत सदाशिव आठवले आणि आ. ह. साळुंखे यांनी चार्वाकमताचा गांभीर्याने पुनर्विचार केला. विंदा करंदीकरांनी ‘अष्टदर्शने’ (2003) मध्ये देकार्तपासून बर्गसाँपर्यंतच्या सात पाश्चात्त्य तत्त्वज्ञांच्या पंक्तीला आठवा म्हणून चार्वाकालाच बसवले. मराठी विचारविश्वात जडवाद हा अप्रतिष्ठित पाहुणा कधीच नव्हता, आणि तो तसा नसावा.

शिवाय पुरावा त्याच्या बाजूने आहे. 1848 साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गाच्या कामावर असलेल्या फिनिअस गेज या मुकादमाच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, पण त्याचा स्वभाव पालटल्याचे त्याला ओळखणाऱ्यांनी सांगितले. 1861 मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्याने वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूतील विशिष्ट भागाला झालेली इजा दाखवून दिली. भूल दिली की जाणीव जाते आणि भूल उतरली की परत येते, हा तर शस्त्रक्रियागृहातला रोजचा अनुभव आहे. याउलट मनाला शरीराहून वेगळे द्रव्य मानणाऱ्यांना एका साध्या प्रश्नाचे उत्तर अद्याप देता आलेले नाही. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने 1643 मध्ये देकार्तला पत्र लिहून विचारले होते की, ज्याला लांबीरुंदी नाही, जे कशाला स्पर्श करू शकत नाही, ते मन शरीराला हलवते तरी कसे? देकार्तची उत्तरे तिला पटली नाहीत. ती आजही पटत नाहीत.

या पार्श्वभूमीवर विसाव्या शतकाच्या मध्यास यू. टी. प्लेस (1956) आणि जे. जे. सी. स्मार्ट (1959) यांनी तादात्म्यवाद मांडला. वीज चमकणे म्हणजे विद्युत्भाराचे उत्सर्जनच. ती एक घटना आणि हे तिचे दुसरे नाव. तसेच संवेदना म्हणजे मेंदूतील प्रक्रियाच. सुटसुटीत, काटकसरीचे आणि विज्ञानाशी सुसंगत असे हे मत होते. त्यावरचे आक्षेप पाहताना हे बळ विसरून चालणार नाही.

आक्षेपाचे मूळ तसे जुनेच आहे. लायब्निझने 1714 मध्ये लिहिलेल्या ‘मोनॅडॉलॉजी’त एक कल्पना केली आहे. विचार करणारे, जाणणारे एखादे यंत्र आहे असे समजा आणि ते इतके मोठे करा की पिठाच्या गिरणीत शिरावे तसे आपल्याला त्यात शिरता येईल. आत काय दिसेल? एकमेकांना ढकलणारे भाग दिसतील. जाणिवेचे स्पष्टीकरण करील असे काही दिसणार नाही. भौतिकवादी म्हणेल, की गिरणीतही ‘दळण’ नावाची वेगळी वस्तू दिसत नाही, म्हणून दळण होत नाही असे कोणी म्हणत नाही. उत्तर चपखल आहे. पण पुरेसे नाही. चाके, पट्टे आणि जाती यांची गती पूर्ण समजली की दळण का होते हेही समजते, वेगळे काही विचारायचे राहत नाही. मेंदूतील पेशींची सारी गती समजली तरी ‘या गतीबरोबर काही जाणवते का, आणि जाणवत असेल तर असेच का?’ हा प्रश्न उरतो. जोसेफ लेव्हाइनने 1983 मध्ये याला स्पष्टीकरणातील दरी म्हटले. डेव्हिड चामर्सने 1995 मध्ये त्यालाच जाणिवेचा ‘अवघड प्रश्न’ असे नाव दिले.

टॉमस नेगेलने 1974 च्या आपल्या गाजलेल्या निबंधात हाच मुद्दा वटवाघळाच्या उदाहरणाने मांडला. वटवाघूळ आपल्याच आवाजाचे प्रतिध्वनी ऐकून अवकाशाचा वेध घेते. त्याची शरीररचना, त्याची श्रवणयंत्रणा, त्याच्या मेंदूतील घडामोडी हे सारे आपण अभ्यासू शकतो. पण वटवाघूळ असणे हे वटवाघळाला कसे वाटते, हे त्या अभ्यासातून हाती लागत नाही. मी उलटा लटकलो, तोंडाने किडे पकडू लागलो अशी कल्पना केली, तर वटवाघळासारखे वागणे मला कसे वाटेल एवढेच कळेल. येथे नेगेलचा नेमका दावा लक्षात घेतला पाहिजे, कारण त्याला हवे तसे वळवले जाते. भौतिकवाद खोटा आहे असे तो म्हणत नाही. तो खरा कसा असू शकेल हे आपल्याला आज समजतच नाही, असे तो म्हणतो. अनुभव एका दृष्टिबिंदूशी बांधलेला असतो, आणि विज्ञान तर प्रत्येक पायरीवर दृष्टिबिंदू वजा करतच पुढे जाते. मग जे दृष्टिबिंदू वजा केल्यावर उरतच नाही, ते विज्ञानाच्या वर्णनात कसे सापडावे?

फ्रँक जॅक्सनने 1982 मध्ये या आक्षेपाला अधिक धार दिली. त्याची मेरी ही रंगांची शास्त्रज्ञ जन्मापासून कृष्णधवल खोलीत वाढलेली आहे. रंगदृष्टीविषयीचे सारे भौतिक ज्ञान तिला आहे. ती खोलीबाहेर येऊन पहिल्यांदा लाल रंग पाहते तेव्हा काही नवे शिकते की नाही? शिकत असेल, तर सारे भौतिक ज्ञान म्हणजे सारे ज्ञान नव्हे.

हे उदाहरण आपल्या मातीत आणून पाहू. पहिल्या पावसानंतर जमिनीतून जो गंध येतो, त्यामागे जिओस्मिन नावाचे एक संयुग असते. जमिनीतील स्ट्रेप्टोमायसिस वर्गातील जिवाणू ते तयार करतात, आणि माणसाच्या नाकाला त्याचे अत्यल्प प्रमाणही ओळखता येते. आता जन्मतःच गंधसंवेदना नसलेली एखादी रसायनशास्त्रज्ञ कल्पा. जिओस्मिनच्या रेणूची रचना, नाकातील ग्राहक, तिथून मेंदूत जाणारे संदेश, त्या संदेशांनी जागृत होणाऱ्या स्मृती, यांतले काहीही तिला अज्ञात नाही. मराठी कवितेत या गंधाचे उल्लेख कोठे कोठे आहेत याची सूचीही ती देऊ शकते, आणि विंदांच्या 1954 च्या संग्रहाचे नाव ‘मृद्गंध’ का असावे यावर व्याख्यानही देऊ शकते. एके दिवशी उपचाराने तिला गंध येऊ लागला आणि त्याच दिवशी वळवाचा पाऊस पडला. ‘असा असतो होय!’ असे ती म्हणेल की ‘हे तर मला ठाऊकच होते’ असे म्हणेल? मला पहिलेच उत्तर अटळ वाटते.

भौतिकवाद्यांनी या युक्तिवादाला दिलेली उत्तरे हलक्याने घेण्यासारखी नाहीत. लॉरेन्स नेमिरो आणि डेव्हिड लुईस म्हणतात, की तिला नवे तथ्य मिळाले नाही, नवी क्षमता मिळाली. पोहण्याविषयीचे ज्ञान वेगळे आणि पोहता येणे वेगळे, तसे आता तिला तो गंध ओळखता, आठवता, कल्पिता येतो. दुसरे उत्तर असे, की तथ्य जुनेच आहे, फक्त ते जाणण्याची रीत नवी आहे; जसे एकच माणूस आधी नावाने माहीत असावा आणि मग चेहऱ्याने. डॅनिएल डेनेटने तर प्रश्नाच्या गृहीतावरच बोट ठेवले. ‘सारे भौतिक ज्ञान’ म्हणजे किती, याची आपण खरोखर कल्पनाच करत नाही; ती केली तर मेरीला काहीच आश्चर्य वाटणार नाही, असे त्याचे म्हणणे. यांपैकी क्षमतेचे उत्तर मला सर्वांत सबळ वाटते, तरीही ते पूर्ण समाधान करत नाही. पावसात उभी असलेली ती शास्त्रज्ञ गंध विसरली, तिला तो पुन्हा कधीच ओळखता वा आठवता आला नाही, तरी त्या क्षणी तिला काहीतरी कळले होतेच. क्षमता नंतरच्या उपयोगाची असते. कळणे मात्र त्या क्षणाचे असते.

सॉल क्रिपकेचा आक्षेप याहून वेगळ्या बाजूने येतो. 1970 च्या व्याख्यानांत त्याने तादात्म्यवाद्यांचे आवडते साम्यच तपासले. उष्णता म्हणजे रेणूंची गती, हे तादात्म्य आपण मानतो. ते पहिल्यांदा ऐकताना खटकते, कारण उष्णता आणि उष्णतेची जाणीव यांची आपण गल्लत करतो. ती गल्लत सोडवली, जाणीव बाजूला काढली, की तादात्म्य पटते. वेदनेच्या बाबतीत ही सोय नाही. वेदना आणि वेदनेची जाणीव यांना वेगळे करताच येत नाही, कारण जाणवणे हेच वेदनेचे असणे आहे. उष्णतेचे स्पष्टीकरण देताना विज्ञानाने जाणिवेला ‘ती मनातली गोष्ट’ म्हणून बाहेर ठेवले. आता मनाचेच स्पष्टीकरण द्यायचे, तर तिला ठेवणार कोठे? हा मला या संपूर्ण वादातील सर्वांत मर्मभेदी मुद्दा वाटतो.

आपल्या परंपरेतही याच्या जवळ जाणारा विचार आहे. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातील तिसऱ्या पादाच्या अखेरीस शंकराचार्य देहात्मवाद्यांशी वाद घालतात. देह असेल तर चैतन्य आणि नसेल तर नाही, म्हणून चैतन्य हा देहाचा धर्म, असे प्रतिपक्षी म्हणतो. त्यावर ते दिव्याचे उदाहरण देतात. दिवा असेल तर दिसते आणि नसेल तर दिसत नाही. म्हणून पाहणे हा दिव्याचा धर्म ठरत नाही. शिवाय देहाचे रूपादी धर्म इतरांनाही दिसतात. चैतन्य, स्मृती इत्यादी इतरांना दिसत नाहीत. मेंदूच्या चित्रणात अमुक भाग उजळला की तमुक भावना सापडली असे म्हणणाऱ्याने हे दिव्याचे उदाहरण जरूर आठवावे. साहचर्य आणि तादात्म्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

परंतु नेमके येथेच आपला पाय घसरतो. साहचर्य म्हणजे तादात्म्य नव्हे, एवढेच दिव्याने सिद्ध होते. आत्मा आहे हे सिद्ध होत नाही. शंकराचार्यांना त्या निष्कर्षाकडे जाण्याची इतर कारणे होती, आणि ती श्रुतिप्रामाण्याशी निगडित होती. क्रिपके, नेगेल, जॅक्सन यांच्यापैकी कोणाच्याही आक्षेपातून अमर आत्मा, पुनर्जन्म किंवा ‘आपल्या ऋषींना हे आधीच माहीत होते’ हे निष्पन्न होत नाही. एका स्पष्टीकरणात उणीव दाखवली म्हणजे आपल्या आवडीचे दुसरे स्पष्टीकरण आपोआप खरे ठरत नाही. आपल्याकडे हा तर्कदोष इतक्या उत्साहाने केला जातो, की खरे आक्षेप त्यामुळे बदनाम होतात.

खुद्द जॅक्सनची पुढची वाटचाल या दृष्टीने उद्बोधक आहे. अनुभवाचे गुण भौतिक नाहीत, पण भौतिक जगात तर प्रत्येक हालचालीला भौतिक कारण असते; तेव्हा हे गुण कशालाही कारण होत नाहीत, असा निष्कर्ष त्याने 1982 मध्ये स्वीकारला होता. इंजिनाच्या शिट्टीने गाडी चालत नाही, तशी जाणीव ही नुसती शिट्टी. पण मग मेरीच्या तोंडून निघालेला उद्गारही त्या लाल अनुभवामुळे निघालेला नाही, असे म्हणावे लागते! पुढे जॅक्सनने आपला मूळ युक्तिवादच सोडून दिला आणि तो भौतिकवादाकडे वळला. हा पेच साहित्याला थेट भिडणारा आहे. जाणीव निष्क्रिय असेल, तर शोकगीत शोकामुळे लिहिले गेलेले नाही. शोक झाला नसता तरी हाताने तेच शब्द लिहिले असते. अनुभवाला विज्ञानापासून वाचवण्यासाठी त्याला इतके दुर्बळ करावे लागणार असेल, तर ती किंमत मला मान्य नाही. म्हणून माझे मत असे, की भौतिकवाद आज ज्या रूपात मांडला जातो त्या रूपात अपुरा आहे. पण त्याची दुरुस्ती जाणिवेला जगाबाहेर काढून होणार नाही, जगाविषयीची आपली कल्पना रुंदावूनच होईल.

तोपर्यंत प्रश्न खुला आहे, हे मानण्यात कमीपणा नाही. 1998 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख याने चामर्सशी पैज लावली होती, की 25 वर्षांत जाणिवेची मेंदूतील खूण स्पष्टपणे सापडेल. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत कॉखने हार मान्य केली आणि वाइनच्या बाटल्या चामर्सच्या हवाली केल्या. यातून ती खूण कधीच सापडणार नाही असे ठरत नाही. पण ती सापडली आहे अशा थाटात बोलण्याचा अधिकार आज कोणालाही नाही एवढे ठरते.

या साऱ्याचा आपल्या विषयाशी काय संबंध? ‘संज्ञाप्रवाह’ हा शब्द आपण रोज वापरतो. त्याचे मूळ विल्यम जेम्सच्या 1890 च्या मानसशास्त्रावरील ग्रंथात आहे, आणि मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ (1942) ही कादंबरी मराठीत त्याचा आद्य प्रयोग म्हणून शिकवली जाते. आपण तो तंत्राचा प्रकार म्हणून शिकवतो. वस्तुतः तो ज्ञानाविषयीचा एक दावा आहे. आतून दिसणारे जग बाहेरच्या वर्णनात मावत नाही, ते त्याच्या स्वतःच्या क्रमात आणि विस्कळीतपणात मांडावे लागते, असा तो दावा. नेगेलने तर्काने जे सांगितले त्याची कादंबरीला फार आधीपासून गरज भासत होती.

अधिक निकडीचा संबंध दलित साहित्याशी आहे. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण म्हणजे मेरीच्या युक्तिवादाचे मराठी रूपच. बाबूराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) आणि दया पवारांचे ‘बलुतं’ (1978) यांच्या निमित्ताने जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता : अस्पृश्यतेविषयी सारे समाजशास्त्र जाणणाऱ्याला जे कळत नाही, असे काही आहे का? रससिद्धान्ताने साधारणीकरणाच्या मार्गाने उत्तर दिले होते, की काव्यात भाव व्यक्तीपासून सुटतो आणि सहृदयाचा होतो. या सौंदर्यशास्त्राने आपला अनुभव सामावत नाही, असे दलित समीक्षेने ठामपणे सांगितले. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (1996) याची साक्ष आहे.

येथे नेगेलचा दुर्लक्षित राहिलेला एक मुद्दा उपयोगी पडतो. अनुभव दृष्टिबिंदूशी बांधलेला असतो असे तो म्हणतो, पण तो एकट्या व्यक्तीच्या खासगी तिजोरीत बंद असतो असे म्हणत नाही. पुरेसे साम्य असलेल्यांना एकमेकांच्या दृष्टिबिंदूवर जाता येते. अंतर जितके अधिक तितके ते कठीण होते. वटवाघूळ आणि माणूस यांच्यातले अंतर निसर्गाने ठेवले आहे. गावकूस आणि गाव यांच्यातले अंतर माणसांनी ठेवले. त्याला निसर्गाचा आधार नव्हता. म्हणून ‘बलुतं’ वाचणाऱ्या सवर्ण वाचकाने दोन सोयी टाळल्या पाहिजेत. ‘मला सारे कळले’ ही पहिली, आणि ‘मला कळणेच शक्य नाही’ ही दुसरी. पहिलीत तो मेरीच्या खोलीतूनच रंग पाहिल्याचा दावा करतो. दुसरीत तो दार उघडे असूनही खोलीत बसून राहतो. पुस्तक वाचून तो बाहेर पडत नाही हे खरेच. पण बाहेर काही आहे आणि ते आपल्या आकडेवारीत आले नव्हते, हे त्याला बाहेरच्याच माणसाकडून कळते. साहित्य जे ज्ञान देते ते बहुधा असेच असते : अपुरे, पण दुसरीकडून न मिळणारे.

आज हा प्रश्न आणखी एका दारातून वर्गात आला आहे. आईच्या मृत्यूवर निबंध लिही म्हटले की सफाईदार मराठीत तो लिहून देणारी यंत्रे विद्यार्थ्यांच्या हाती आहेत. जॉन सर्लने 1980 मध्ये चिनी खोलीचे उदाहरण दिले होते. चिनी न जाणणारा माणूस नियमपुस्तिका पाहून चिनी प्रश्नांना बिनचूक चिनी उत्तरे देतो, पण त्याला एका अक्षराचाही अर्थ कळत नाही. त्यावर अनेक प्रत्युत्तरे आली आणि वाद संपलेला नाही. पण निदान एवढे आपण शिकवू शकतो, की वाक्य बरोबर असणे आणि त्या वाक्यामागे कोणालातरी काही जाणवलेले असणे या दोन गोष्टी आहेत. पहिली आपण गुणपत्रिकेत मोजतो. दुसरीसाठी आपण साहित्य वाचतो.

तेव्हा डोपामिनची भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्याला अडवण्याचे कारण नाही. त्याचे रसायनशास्त्र बरोबर असेल, तर ते आनंदाने मान्य करावे आणि मग विचारावे, की ती कविता वाचताना तुला नेमके काय वाटले? त्याने पुन्हा रेणूचे नाव घेतले, तर प्रश्नाचे उत्तर मिळालेले नाही, हे त्याच्याही लक्षात येईल.